परकी भांडवल : वेशींतून येण्याच्या अटी

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आरंभींच घालावी. इ. स. १८५३ सालीं निजाम सरकार आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्यें एक तह झाला. हैदराबाद कंटिंजंट या नांवाच्या फौजेचा पगार निजामानें द्यावयाचा होता. तो वेळेवर न मिळाल्यामुळें कंपनीनें तो आपल्या तिजोरींतून भागविला आणि ती सर्व रक्कम निजामाच्या नांवें कर्ज म्हणून मांडली. कर्ज वाढत गेलें. आणि अखेर त्याच्या फेडीसाठीं व फौजेच्या पुढील खर्चासाठीं वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव हे मुलूख कंपनीच्या कारभाराखालीं द्यावे लागले. कॅप्टन मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्ग येथें बसून इकडील कारभार पाहूं लागला. पुढें १८६० च्या तहान्वयें ५० लाख रुपयांचें कर्ज सोडून देण्यांत आलें आणि धाराशिव व रायचूर हे भाग निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत आला नाहीं. तुळजापूरच्या किंवा परांड्याच्या शेतकऱ्यानें हें कर्ज काढलें नव्हतें. परंतु आपला सारा कोणाच्या कचेरींत भरावयाचा, हें त्या कर्जानें ठरविलें.

या गोष्टींत परका पैसा आला तो कर्जाच्या रूपानें. परंतु परक्या देशाशीं पैशाचा संबंध जडण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानांत घेतल्यावांचून परकी भांडवलाविषयींचा कोणताहि वाद नीट समजत नाहीं. पहिला मार्ग व्यापाराचा. याच जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराचा उल्लेख असून, तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असें त्यांत सांगितलें आहे. तेथून तें पश्चिमेकडील देशांस जाई. माल गेला, मोल आलें, आणि दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. दुसरा मार्ग कर्जाचा. धनकोला व्याज हवें आणि मुद्दल हवें. घेणाऱ्याचा धंदा तरला कीं बुडाला, याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें. तिसरा मार्ग शेअरबाजारांतील खरेदीचा. परदेशांतील माणूस येथील कंपनीचे थोडे शेअर आज घेतो आणि भाव चढला म्हणजे उद्यां विकतो. चौथा मार्ग म्हणजे थेट गुंतवणूक. यांत परका भांडवलदार केवळ पैसा देऊन थांबत नाहीं. तो कारखाना, खाण, दुकान किंवा रेल्वे यांचा मालक अथवा भागीदार होऊन कारभाराच्या गादीवर बसतो. नफा त्याचा, तोटाहि त्याचा, आणि हुकूमहि त्याचा. हिंदुस्थानच्या आजच्या नियमांप्रमाणें शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीचें शेंकडा १० किंवा अधिक भागभांडवल परक्याकडे असेल, तर ती थेट गुंतवणूक समजली जाते. बाजारांत न नोंदलेल्या कंपनींत तर कोणताहि परका भाग तशीच गणला जातो.

थेट गुंतवणूक म्हणजे काय, हें या भागाला पुस्तकावरून शिकावें लागलें नाहीं. बार्शी लाइट रेल्वे हें तिचें ठळक उदाहरण डोळ्यांसमोर होतें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनें योजिलेली ही कंपनी १८९५ सालीं लंडन येथें स्थापन झाली. तिचा पैसा इंग्लंडचा, तिची कचेरी इंग्लंडांत, आणि तिचे रूळ मात्र सोलापूर व धाराशिवच्या मातींत. अडीच फूट रुंदीचा हा अरुंद मार्ग १८९७ सालीं बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत सुरू झाला. डब्यांच्या व इंजिनांच्या प्रत्येक आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडूं नये, अशी त्याची रचना होती. त्यामुळें हलके रूळ व हलके पूल चालले, आणि जेथें रुंद मार्ग परवडला नसता तेथें गाडी नेतां आली. पुढें येडशी, तडवळें, ढोकी, मुरूड या बाजूनें हा मार्ग १९११ सालीं लातूरपर्यंत गेला आणि दुसऱ्या अंगास पंढरपूरवरून १९२७ सालीं मिरजेला पोंचला. एकंदर लांबी सुमारें २०२ मैल झाली. लातूर त्या काळीं याच जिल्ह्यांत होतें. त्याचा वेगळा जिल्हा १९८२ सालीं झाला.

या रेल्वेमुळें कापूस, गळिताचीं धान्यें व पंढरीचे वारकरी यांची वाहतूक सुलभ झाली, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु नकाशा उघडून पाहिलें तर दुसरीहि एक गोष्ट दिसते. हा मार्ग जिल्ह्याच्या मुख्य गांवांत आलाच नाहीं. धाराशिवच्या लोकांना गाडी धरण्यासाठीं येडशीला जावें लागे. लातूरची बाजारपेठ मोठी. भांडवलाला जेथें मालाचें ओझें मिळेल तेथें तें गेलें. यांत कंपनीचा दुष्टपणा नव्हता. भांडवलाचा स्वभावच तसा आहे. धाराशिव शहराला स्वतःचें स्टेशन मिळालें तें स्वतंत्र भारताच्या सरकारनें लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद करतांना तो शहरावरून नेला तेव्हां, म्हणजे २००७-०८ च्या सुमारास. एका शतकाच्या अंतरानें झालेल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या, तर भांडवल काय करतें आणि काय करीत नाहीं, याचें उत्तर त्यांत मिळतें.

बार्शी लाइट रेल्वेच्या करारांत आणखी एक शहाणपण होतें. भारतमंत्री आणि कंपनी यांच्यामध्यें १८९५ सालीं झालेल्या करारांत, निदान बारा महिन्यांची लेखी सूचना देऊन ही रेल्वे विकत घेण्याचा अधिकार सरकारनें राखून ठेविला होता. या कलमाचा उपयोग स्वतंत्र भारताच्या सरकारनें केला. डिसेंबर १९५२ मध्यें सूचना दिली गेली, आणि १ जानेवारी १९५४ रोजीं रेल्वे सरकारच्या मालकीची झाली. कंपनीनें आपल्या सर्व नोकरांना, मालकी बदलत असल्यामुळें नोकरी संपेल अशी नोटीस दिली. बहुतेकांना सरकारी रेल्वेनें कामावर घेतलें. तथापि नोकरकपातीबद्दलची भरपाई कंपनीनें द्यावी, असा दावा कामगारांच्या वतीनें उभा राहिला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानें नोव्हेंबर १९५६ मध्यें निर्णय दिला कीं, धंदा चालू असतां जादा माणसें कमी करणें म्हणजे कपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हातीं गेला, तर ती कायद्याच्या अर्थानें कपात होत नाहीं. कामगार हरले. परंतु या निकालानें कायद्यांतील भोंक उघडें पडलें, आणि १९५७ सालीं संसदेनें औद्योगिक कलह कायद्यांत दुरुस्ती करून, मालकी बदलल्यास अथवा धंदा बंद झाल्यास भरपाई कोणत्या अटींवर द्यावयाची, हें स्पष्ट केलें. कुर्डुवाडीच्या परिसरांतील रेल्वेकामगारांच्या भांडणांतून साऱ्या देशाच्या कामगारांना हें कलम मिळालें.

या एका उदाहरणांत परकी भांडवलाच्या धोरणाचे तिन्ही प्रश्न येऊन जातात. वेशींतून आंत कोणाला घ्यावें? आंत आल्यावर कोणत्या अटींवर राहूं द्यावें? आणि जातांना त्यानें काय न्यावें व काय मागें ठेवावें? जगांतील जे मोठे देश गेल्या पाऊणशें वर्षांत उद्योगधंद्यांत पुढें आले, त्या सर्वांना हे तीन प्रश्न सोडवावे लागले. आणि प्रत्येकानें त्यांचीं उत्तरें निरनिराळीं दिलीं.

आपल्या देशाचें पहिलें उत्तर पंडित नेहरूंनीं ६ एप्रिल १९४९ रोजीं घटनासमितीपुढें केलेल्या निवेदनांत आहे. परकी व देशी उद्योगांत भेदभाव केला जाणार नाहीं. परकी चलनाची स्थिति पाहून नफा बाहेर नेण्यास मोकळीक राहील. आणि एखादा धंदा सरकारनें ताब्यांत घेतल्यास न्याय्य मोबदला दिला जाईल, अशीं तीन आश्वासनें त्यांत होतीं. त्याबरोबरच मालकीचा मोठा भाग आणि खरें नियंत्रण सामान्यतः भारतीयांच्या हातीं असावें, हेंहि सांगितलेलें होतें. पुढें परकी चलनाची चणचण वाढली आणि धोरण कडक झालें. १९७३ च्या परकी चलन नियंत्रण कायद्यान्वयें शेंकडा ४० पेक्षां अधिक परका भाग असलेल्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावी लागे. पुष्कळ कंपन्यांनीं आपले शेअर भारतीय जनतेला विकले. कोकाकोला कंपनीनें १९७७ सालीं आणि आय. बी. एम. नें १९७८ सालीं आपला येथील कारभार गुंडाळला.

१९९१ सालीं परकी चलनाची गंगाजळी जवळजवळ आटली, तेव्हां दरवाजा उलट्या दिशेनें फिरला. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणानें ३४ महत्त्वाच्या उद्योगांत शेंकडा ५१ पर्यंत परका भाग आपोआप मंजूर होईल, असें ठरविलें. पुढें क्रमाक्रमानें एकेक क्षेत्र उघडत गेलें. विमाधंद्यांतील मर्यादा प्रथम २६ होती. ती २०१५ मध्यें ४९ व २०२१ मध्यें ७४ झाली. परकी गुंतवणुकीचे अर्ज तपासणारें दिल्लींतील मंडळ २०१७ सालीं बरखास्त झालें, आणि परवानगीचें काम त्या त्या मंत्रालयाकडे गेलें. तथापि वेस सताड उघडी झाली, असें समजणें चुकीचें आहे. लॉटरी व जुगार, चिट फंड आणि सिगारेटींचें उत्पादन यांत परकी भांडवलाला मज्जाव आहे. नानाविध वस्तूंच्या किरकोळ दुकानांत २०१२ पासून शेंकडा ५१ ची मुभा मिळाली. पण तीहि राज्यसरकारची संमति असेल तरच. एप्रिल २०२० मध्यें, ज्या देशांची सीमा भारताला लागून आहे तेथून येणाऱ्या गुंतवणुकीस सरकारची आगाऊ मंजुरी लागेल, असा नियम करण्यांत आला.

चीननें याहून वेगळा मार्ग धरिला. १९७९ सालीं संयुक्त उद्योगांचा कायदा झाला. आपल्याकडे परका भाग अमुक प्रमाणापेक्षां जास्त नसावा, अशी चिंता होती. त्या कायद्यांत परका भाग शेंकडा २५ पेक्षां कमी नसावा, असें कलम होतें. पुढील सालीं शेन्झेन, झुहाई, शांतौ व शियामेन या चार ठिकाणीं खास आर्थिक क्षेत्रें निघालीं. सारा देश एकदम उघडण्याऐवजीं चार वाफ्यांत बीं पेरून पाहावें आणि उगवलें तर रान वाढवावें, अशी ती रीत होती. १९८४ मध्यें किनाऱ्यावरील आणखी १४ शहरें उघडलीं. मोटारींच्या धंद्यांत मात्र १९९४ च्या धोरणानें परक्याला निम्म्याहून अधिक भाग घेण्याची बंदी घातली; त्याला चिनी भागीदार घेणें भाग पडे, आणि त्या भागीदारीच्या वाटेनें कारखानदारीचें ज्ञान देशांत उतरावें, अशी योजना होती. विजेवर चालणाऱ्या मोटारींपुरती ही मर्यादा २०१८ मध्यें व प्रवासी मोटारींसाठीं २०२२ मध्यें उठली. १ जानेवारी २०२० पासून परकी गुंतवणुकीचा नवा एकत्रित कायदा लागू झाला, आणि नोव्हेंबर २०२४ पासून कारखानदारींतील शेवटचे निर्बंधहि यादींतून निघाले. निर्बंध उठले ते देशी कारखानदार परक्यांच्या तोडीचे झाल्यावर, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. त्याचबरोबर हेंहि खरें कीं, चिनी मोटारकारखानदारीचें जें बळ आज दिसतें, तें सगळें सक्तीच्या भागीदारींतूनच आलें असें म्हणतां येत नाहीं. विजेच्या मोटारींत पुढें आलेल्या कित्येक कंपन्या त्या भागीदारीच्या बाहेर वाढलेल्या आहेत.

ब्राझिलची कथा तिसरी. तेथें परकी भांडवलाला दार फारसें बंद झालेंच नाहीं. भर राहिला तो नोंदणीवर व नफा बाहेर नेण्यावर. १९५० नंतरच्या दशकांत अध्यक्ष कुबित्शेक यांच्या सरकारनें परकी मोटारकंपन्यांना बोलाविलें, परंतु सुटे भाग वाढत्या प्रमाणांत देशांतच बनविले पाहिजेत, अशी अट घातली. १९६२ च्या कायद्यानें परकी भांडवलाची सरकारी नोंद आवश्यक केली आणि नोंदलेल्या भांडवलाच्या शेंकडा १० हून अधिक नफा दरसाल बाहेर नेण्यास आडकाठी केली. ती १९६४ मध्यें सैल झाली. १९९५ मध्यें राज्यघटना दुरुस्त करून ब्राझिली कंपन्यांतील देशी भांडवलाची व परकी भांडवलाची अशी वर्गवारी काढून टाकण्यांत आली. जमिनीच्या बाबतींत मात्र तो देश सावध आहे. १९७१ च्या कायद्याप्रमाणें कोणत्याहि एका नगरपालिका-क्षेत्राच्या चतुर्थांशाहून अधिक ग्रामीण जमीन परक्यांच्या हातीं जाऊं शकत नाहीं.

इंडोनेशियानें खनिजांच्या जोरावर आपल्या अटी घातल्या. जानेवारी २०२० पासून निकेलची कच्ची माती बाहेर नेण्यास त्यानें बंदी केली. ज्याला निकेल हवें त्यानें भट्टी येथें येऊन बांधावी, असा त्याचा अर्थ. परकें, त्यांतहि विशेषतः चिनी, भांडवल भट्ट्या बांधण्यास आलें. युरोपीय संघानें जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि २०२२ मध्यें निर्णय इंडोनेशियाच्या विरुद्ध लागला. त्या देशानें त्यावर अपील केलें. पापुआ प्रांतांतील तांब्या-सोन्याच्या प्रचंड खाणींतहि त्यानें २०१८ च्या अखेरीस शेंकडा ५१ मालकी परत मिळविली. अर्थात ज्याच्या जमिनींत जगाला हवें असलेलें खनिज आहे, तोच अशी मागणी करूं शकतो. ज्याच्याजवळ मोठी बाजारपेठ आहे, तो बाजारपेठेच्या जोरावर अट घालतो. आणि ज्याच्याजवळ दोन्ही नाहींत, त्याला करसवलती व स्वस्त जमीन यांवरच भांडवल बोलवावें लागतें. यावरून हें दिसून येतें कीं, धोरण हें केवळ तत्त्वांतून निघत नाहीं. तें त्या देशाच्या सौदा करण्याच्या ताकदींतून निघतें.

सौदा करतांना सर्वांत मोठी चूक होते ती हमीच्या कलमांत. निजामाच्या राज्यांत हिचा जुना धडा आहे. १८८३ सालीं लंडनमध्यें भांडवल उभारून निजामाची ‘गॅरंटीड स्टेट रेल्वे’ निघाली. भागीदारांना शेंकडा ५ प्रमाणें वीस वर्षें परतावा मिळेल, अशी हमी हैदराबाद सरकारनें दिली होती. गाडी रिकामी धांवली तरी भागीदाराचें कांहीं जात नव्हतें. जात होतें तें सरकारच्या खजिन्यांतून. महाराष्ट्रांत हाच धडा दुसऱ्या रूपानें एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पानें शिकविला. डिसेंबर १९९३ मध्यें राज्याच्या वीजमंडळानें वीजखरेदीचा करार केला. वीज घेतली न घेतली तरी ठराविक आकार द्यावयाचा, शिवाय दर डॉलरशीं निगडित, अशी त्यांतील मेख होती. आणि पाठीमागें राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी होती. १९९५ मध्यें नव्या राज्यसरकारनें करार मोडला, नंतर अटी बदलून पुन्हा केला. १९९९ मध्यें वीज सुरू झाली आणि २००१ मध्यें दर न परवडल्यामुळें खरेदी थांबली. त्याच सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील मूळ कंपनीचें दिवाळें वाजलें. जो धोका पत्करतो तोच नफ्याचा धनी, हें थेट गुंतवणुकीचें मूळ तत्त्व आहे. हमीनें तें तत्त्व उलटें केलें, म्हणजे गुंतवणूक नांवापुरती उरते आणि व्यवहार कर्जाचाच होतो. १८५३ च्या तहांत जो प्रकार होता, त्याच्याच तो जवळ जातो.

भांडण उपस्थित झाल्यास न्याय कोणी करावयाचा, हा प्रश्नहि या देशांनीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला आहे. १९९० नंतर भारतानें अनेक देशांशीं गुंतवणूक-संरक्षणाचे तह केले. त्यांच्या आधारें परका भांडवलदार येथील न्यायालयें सोडून आंतरराष्ट्रीय लवादापुढें जाऊं शके. २०११ मध्यें एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या बाजूनें भारताविरुद्ध असा निवाडा लागला. येथील न्यायालयांत झालेली दिरंगाई हेंच त्यांतील मुख्य कारण होतें. त्यानंतर भारतानें २०१५ मध्यें तहाचा नवा नमुना तयार केला. त्याप्रमाणें लवादापूर्वीं येथील न्यायालयांत पांच वर्षें दाद मागावी लागते; आणि जुन्यांपैकीं बहुतेक तह रद्द करण्याच्या नोटिसा देण्यांत आल्या. ब्राझिलनें तर असा लवाद मान्य करणारा एकहि तह अमलांत आणिला नाहीं, तरीहि तेथें परकें भांडवल येत राहिलें. भांडवलाला मोठी बाजारपेठ दिसली, म्हणजे तें तहाच्या कलमासाठीं अडून बसत नाहीं.

मग यांतील कोणतें धोरण बरें? आंकडा किती मोठा आला यावरून हें ठरवितां येत नाहीं. काय मागें राहिलें, यावरून तें ठरतें. १९८२ सालीं भारत सरकारच्या मारुती कंपनींत जपानच्या सुझुकीनें शेंकडा २६ भाग घेतला आणि १९८३ च्या डिसेंबरांत पहिली मोटार बाहेर पडली. या कारखान्याचें मोल एकट्या मोटारींत नाहीं. त्याला लागणारे सुटे भाग देशांतच करणाऱ्या शेंकडों लहान-मोठ्या कारखान्यांची जी सांखळी तयार झाली, तीच खरी कमाई. पुण्याजवळ चाकणलाहि परकी कारखान्यांभोंवतीं अशीच देशी पुरवठादारांची वस्ती वाढली आहे. याच्या उलट, जेथें यंत्र बाहेरून येतें, इंजिनिअर बाहेरून येतो, आणि माल व नफा बाहेर जातो, तेथें गांवाच्या वांट्याला पहारेकऱ्याची नोकरी आणि धूळ एवढेंच उरतें.

आतां हा हिशेब जिल्ह्याच्या दारांत आणून पाहावा. २०२४-२५ सालीं भारतांत आलेल्या परकी भागभांडवलापैकीं सुमारें शेंकडा ३९ एकट्या महाराष्ट्रांत आलें. सर्व राज्यांत हा आंकडा पहिला होता. परंतु ज्या महाराष्ट्रांत हें भांडवल आलें, त्याच महाराष्ट्रांतील धाराशिव जिल्हा २०१८ मध्यें नीती आयोगानें ‘आकांक्षित’, म्हणजे विकासांत मागें राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादींत घातला. राज्यांतील असे जिल्हे चार, आणि त्यांत नंदुरबार, वाशीम व गडचिरोली यांचा समावेश आहे. या दोन गोष्टींत विरोध नाहीं. गुंतवणुकीची नोंद कंपनीची कचेरी जेथें असेल तेथें होते, आणि कचेऱ्या मुंबई-पुण्याला आहेत. दिल्लीचें धोरण भांडवलाला देशाच्या वेशींतून आंत घेतें. परंतु तें मुंबईहून येडशीपर्यंत आणण्याचें काम रस्ता, पाणी, वीज व शिक्षित माणूस यांनींच करावयाचें असतें. म्हणूनच राज्यसरकार १९६४ पासून मागासलेल्या तालुक्यांतील उद्योगांना अधिक सवलती देत आलें आहे. पण सवलत ही तोट्याची भरपाई आहे. ती पाण्याची जागा घेऊं शकत नाहीं.

तथापि एका मार्गानें बाहेरचें भांडवल या जिल्ह्याच्या माळावर येऊं लागलें आहे. भूम, वाशी व कळंब या भागांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, आणि वारा व ऊन यांपासून वीज करण्याच्या धंद्यांत शेंकडा १०० परकी गुंतवणुकीला आपोआप मंजुरी आहे. मालक परका असो, मुंबईचा असो किंवा गुजरातचा असो, शेतकऱ्यापुढील प्रश्न तेच राहतात. भांडवलाच्या जातीपेक्षां कराराचें कलम त्याला अधिक जवळचें असतें. जमीन विकावयाची कीं भाड्यानें द्यावयाची? भाड्यानें दिली तर भाडें दर किती वर्षांनीं वाढेल? वाहिनीच्या तारांखालील व वाटेखालील जमिनीचा मोबदला कराराच्या आंत आहे कीं बाहेर? कंपनीनें आपला भाग दुसऱ्याला विकला तर जुना करार नव्या मालकावर बंधनकारक राहील काय? आणि पंचवीस-तीस वर्षांनीं चक्की निकामी झाली म्हणजे तिचा पाया व सांगाडा कोणाच्या खर्चानें काढावयाचा? राष्ट्रांनीं वेशीवर जे तीन प्रश्न विचारले, तेच हे; फक्त बांधावर उभे राहून विचारलेले. लंडनच्या कंपनीशीं करार करणाऱ्या सरकारला १८९५ मध्यें बारा महिन्यांच्या सूचनेचें कलम सुचलें होतें. आज सात-बाऱ्यावर नांव असलेल्या खातेदाराला असें कलम लिहून मागण्याचा अधिकार नाहीं, असें कोणीहि म्हणूं शकत नाहीं. त्यासाठीं करार मराठींत असला पाहिजे, तो सहीच्या आधीं ग्रामसभेंत वाचला गेला पाहिजे, आणि त्याची प्रत शेतकऱ्याच्या घरीं राहिली पाहिजे.

भांडवलाच्या जोडीला घरचीहि पुंजी असते, हेंहि या जिल्ह्याला ठाऊक आहे. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिला होता. अशा संस्थांपुढील अडचणी सर्वांच्या परिचयाच्या आहेत, आणि भांडवल आपलें असलें म्हणजे कारभार आपोआप चांगला होतो, असें त्यांवरून म्हणतां येत नाहीं. परंतु कारखाना बंद पडला तर जाब कोणाला विचारावयाचा, हें तेथें निदान ठाऊक असतें. परकी भांडवलाच्या बाबतींत हा जाब आधींच कागदावर लिहून ठेवावा लागतो. चीननें तो भागीदारीच्या अटींत लिहिला, ब्राझिलनें नोंदवहींत, इंडोनेशियानें खाणीच्या परवान्यांत. जो देश किंवा जो गांव तो लिहिण्यास चुकतो, त्याला पुढें परकें भांडवल वाईट म्हणण्याचाहि अधिकार उरत नाहीं आणि चांगलें म्हणण्याचाहि उरत नाहीं. भांडवल येतें तें नफ्यासाठीं. त्यानें सेवा करावी अशी अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु नफा कमावतांना त्यानें येथें एखादा कारागीर, एखादा पुरवठादार, एखादा पाण्याचा साठा आणि पाळलेला एक करार मागें ठेवावा, ही अट घालणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.